टारफुला आणि प्रतिकारक्षम ज्वारी : बियाण्याने काय साधते, शेतकऱ्याने काय करावे?

तण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हराळी, लव्हाळा, कुंदा किंवा गाजर गवत येते. ही तणे पिकाशेजारी वाढतात आणि पिकाच्या वाट्याचे अन्न, पाणी व सूर्यप्रकाश पळवतात. काही तणे मात्र पिकाच्या शेजारी न राहता पिकाच्या अंगावरच जगतात. आंब्यावरचे बांडगूळ सर्वांच्या परिचयाचे आहे. अगदी बोरिवली-मुलुंड भागातील वस्त्यांमधल्या जुन्या आंब्यांवरही ते लटकलेले दिसते. लसूणघासावर पिवळ्या दोऱ्यासारखी पसरणारी अमरवेल आणि तंबाखूच्या मुळांवरचा बंबाखू ही त्याच गोत्रातील उदाहरणे होत. तृणधान्यावर जगणारे असे तण म्हणजे टारफुला. ज्वारी हे त्याचे आवडते पीक असले तरी बाजरी, मका, नाचणी आणि ऊस यांच्या मुळांवरही तो वाढतो.

गेल्या काही दशकांत राज्यातील खरीप ज्वारीचे क्षेत्र खूप घटले आणि तेथे सोयाबीन व कापूस आला. आता पौष्टिक तृणधान्यांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. कडब्याच्या टंचाईमुळेही काही शेतकरी ज्वारीकडे परत येत आहेत. अशा वेळी वडिलांच्या काळी ज्या पट्टीत टारफुला होता, त्याच पट्टीत तो पुन्हा दिसला तर आश्चर्य वाटू नये. त्याचे बी जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. 'टारफुल्याला बळी न पडणारी ज्वारी मिळेल का?' हा प्रश्न त्यामुळे आज पुन्हा महत्त्वाचा ठरतो. अशी ज्वारी तयार करता येते. ती कशी तयार होते, तिची ताकद कोठे संपते आणि उरलेले काम कोणी करायचे, हे या लेखात पाहू.

टारफुला जमिनीखाली काय करतो?

टारफुल्याचे झाड साधारण वीतभर उंचीचे, खरखरीत पानांचे असते. आपल्याकडे त्याची फुले बहुधा पांढरी असतात. झाड हिरवे असल्याने ते स्वतःचे अन्न स्वतः तयार करत असेल असे वाटते, परंतु तसे नाही. पाणी, क्षार आणि अन्नाचा बराच भाग तो ज्वारीच्या मुळातून ओढून घेतो.

त्याचे बी धुळीच्या कणासारखे असते. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. इतक्या लहान बियात अन्नसाठा नसल्यासारखाच असतो. अंकुरल्यावर काही दिवसांत यजमान पिकाचे मूळ सापडले नाही तर ते मरते. म्हणून निसर्गाने त्याला एक युक्ती दिली आहे. पाऊस पडून जमीन उबदार व ओलसर राहिली की एक-दोन आठवड्यांत बी उगवणीस तयार होते, पण लगेच उगवत नाही. ज्वारीचे मूळ काही मिलिमीटर अंतरावर आले आणि त्यातून पाझरणाऱ्या विशिष्ट पदार्थाचा इशारा मिळाला, तरच ते अंकुरते. हा अंकुर मुळाकडे वाढतो. मुळाच्या सालीतून दुसरा रासायनिक इशारा मिळताच अंकुराच्या टोकाला गाठ येते. तिला चूषक मूळ म्हणतात. ते ज्वारीच्या मुळाची साल भेदून थेट पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडते.

यानंतर चार ते सात आठवडे टारफुला जमिनीखालीच वाढतो. शेतकऱ्याला काहीच दिसत नाही. दिसते ते एवढेच की जमिनीत ओल असूनही ज्वारी दुपारी माना टाकते, पाने पिवळसर पडतात, ताटे खुजी राहतात. पुष्कळदा याचा दोष पावसाला किंवा खताला दिला जातो. पुढे टारफुला जमिनीवर येतो तेव्हा कोळपण्या संपलेल्या असतात आणि पिकाचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. शिवाय तो ओळीतच, ताटाच्या बुडाशी उगवतो. तेथे कोळप्याचे पाते पोचत नाही.

येथेच या तणाचे वेगळेपण लक्षात येते. इतर तणांचा बंदोबस्त जमिनीच्या वर करता येतो. टारफुल्याचा घाव मात्र जमिनीखाली बसतो. पिकाच्या मुळातच त्याला अटकाव करण्याचा गुण असला तर तो घाव टळतो. म्हणूनच टारफुल्याच्या बाबतीत प्रतिकारक्षम वाणाला एवढे महत्त्व आहे.

ज्वारी आपल्या शत्रूला हाक का मारते?

हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. ज्वारीच्या मुळातून पाझरणाऱ्या या पदार्थांच्या गटाला स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात. त्यांपैकी पहिला पदार्थ १९६६ साली शास्त्रज्ञांनी वेगळा केला, आणि तोही ज्वारीच्या नव्हे तर कापसाच्या मुळांच्या स्रावातून. कापसावर टारफुला वाढत नाही. म्हणजे कापसाचे मूळ टारफुल्याच्या बियाला जागे करते, पण त्याला पोसत नाही, आणि अंकुर उपाशी मरतो. सापळा पिकाचे तत्त्व ते हेच.

हे पदार्थ वनस्पती टारफुल्यासाठी तयार करत नाही. जमिनीतील काही उपकारक बुरशी मुळांशी जोडल्या जातात आणि पिकाला स्फुरद मिळवून देतात. त्या बुरशींना बोलावण्यासाठी हा पाझर असतो, हे २००५ साली स्पष्ट झाले. पुढे २००८ साली असेही आढळून आले की हेच पदार्थ वनस्पतीच्या अंगात फुटव्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकाचे काम करतात. जमिनीत स्फुरदाची उणीव असली की पीक हा पाझर वाढवते, आणि टारफुल्याला तो आयता मिळतो. हलक्या, भुकेल्या, खत न मिळालेल्या जमिनीत टारफुला का माजतो, याचे एक कारण यातून कळते.

प्रतिकारक्षम, सहनशील आणि निसटलेला वाण

बोलताना आपण 'या वाणावर टारफुला येत नाही' असे सहज म्हणतो. शेतात मात्र तीन वेगळ्या गोष्टी घडत असतात. त्या नीट ओळखल्या पाहिजेत.

१) प्रतिकारक्षम वाण : सारख्याच बाधित जमिनीत या वाणाच्या मुळांवर टारफुल्याची फार थोडी झाडे जगतात. पिकाचे नुकसान कमी होते आणि टारफुल्याचे नवे बीही कमी पडते.

२) सहनशील वाण : या वाणाच्या मुळांवर टारफुला इतर वाणांइतकाच वाढतो, परंतु पीक त्याचा मारा सोसून बऱ्यापैकी उत्पादन देते. यंदाचे कणीस भरते म्हणून शेतकरी समाधानी असतो. मात्र टारफुल्याची झाडेही भरभरून बी धरतात आणि दरवर्षी जमीन अधिक बाधित होत जाते.

३) निसटलेला वाण : ज्या पट्टीत टारफुल्याचे बी मुळातच कमी होते किंवा ज्या वर्षी पाऊस सतत व भरपूर झाला, तेथे कोणताही वाण स्वच्छ दिसतो. हा वाणाचा गुण नव्हे, हा योगायोग आहे.

यांपैकी दुसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. सहनशील वाण आपले आजचे पीक राखतो आणि उद्याची जमीन गहाण टाकतो. म्हणून वाणाची पारख करताना फक्त धान्याचे वजन पाहून चालत नाही. दर ओळीत टारफुल्याची किती झाडे वर आली, हेही मोजावे लागते.

मुळाच्या चार तटबंदी

ज्वारीच्या निरनिराळ्या वाणांचा अभ्यास केला असता टारफुल्याला अडवण्याच्या मुख्यतः चार रीती आढळून आल्या आहेत.

पहिली तटबंदी, हाक न मारणे : काही वाणांच्या मुळांतून टारफुल्याला जागे करणारा पाझर फारच कमी निघतो. बी जागे होत नाही, ते झोपून राहते. एस.आर.एन.३९ हा वाण याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

दुसरी, गाठ बनू न देणे : अंकुर मुळापर्यंत येतो, पण चूषक मूळ तयार होण्यासाठी लागणारा दुसरा इशारा त्याला पुरेसा मिळत नाही. हा गुण ज्वारीच्या काही रानटी जातभाईंत आढळला आहे.

तिसरी, चिकटल्या जागी पेशी मरणे : टारफुल्याने साल भेदताच मुळाच्या तेथील पेशी स्वतः मरून तांबूस-काळ्या पडतात. अन्नाचा मार्ग बंद होतो आणि टारफुला वाळतो. आफ्रिकेतील फ्रामिडा या वाणात हा गुण दिसतो.

चौथी, भिंत घट्ट असणे : मुळाच्या आतील आवरणाच्या पेशी जाड व कठीण असल्याने चूषक मूळ पाण्याच्या नळ्यांपर्यंत पोचत नाही. भारतातील एन १३ या ज्वारीत हा गुण आहे. टारफुल्याच्या प्रतिकारासाठी जगभर वापरल्या गेलेल्या वाणांमध्ये एन १३ चे नाव अग्रभागी आहे, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

पैदासकाराला काय अडचण येते?

आपल्या देशात ज्वारीचा पहिला संकरित वाण सी.एस.एच.१ हा १९६४ साली प्रसारित झाला. तो लवकर येणारा व अधिक उत्पादन देणारा होता, पण टारफुल्याला लवकर बळी पडणारा होता. पुढे टारफुल्याच्या चाचण्यांत त्याचा उपयोग 'बळी पडणारा तुल्य वाण' म्हणून होऊ लागला. म्हणजे ज्या ठिकाणी सी.एस.एच.१ मध्येही टारफुला नाही, त्या ठिकाणची चाचणी ग्राह्य धरायची नाही, असा दंडक.

पतंचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतातील टारफुल्याविरुद्ध पैदाशीचे मोठे काम केले. त्यातून 'सार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्वारीच्या ओळी तयार झाल्या. चाचण्यांसाठी जी बाधित ठिकाणे वापरली गेली त्यांत विदर्भातील अकोला हेही होते. शेतात टारफुल्याचे बी सगळीकडे सारखे पसरलेले नसते, ही तेथील मुख्य अडचण. एका वाफ्यात पुंजका असतो, शेजारी काहीच नसते. यावर बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी हा उपाय काढण्यात आला. तपासायच्या प्रत्येक वाणाच्या वाफ्याभोवती चारही बाजूंना बळी पडणारा वाण पेरायचा. चारही बाजूंना टारफुला भरपूर आणि मध्ये मात्र तुरळक, असे दिसले तरच तो वाण प्रतिकारक्षम मानायचा.

प्रयोगशाळेतही एक सोपी कसोटी आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ती १९९२ च्या सुमारास विकसित झाली. काचेच्या बशीत अगार नावाच्या पारदर्शक जेलीत टारफुल्याचे बी मिसळतात आणि त्यात ज्वारीचे रोप वाढवतात. काही दिवसांनी मुळापासून किती अंतरापर्यंत बी अंकुरले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. हे अंतर एक सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तो वाण 'कमी हाक मारणारा' ठरतो. शेतात पूर्ण हंगाम घालवून जे कळेल, त्याचा काही भाग येथे थोड्याच दिवसांत कळतो.

आता अनुवंशाचा मुद्दा पाहू. तो संकरित बियाणे वापरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावा असा आहे. कमी पाझराचा गुण एका अप्रभावी जनुकामुळे येतो, असे एस.आर.एन.३९ च्या अभ्यासातून १९९६ साली दिसून आले. अप्रभावी म्हणजे आई आणि बाप या दोघांकडूनही तो मिळाला तरच झाडात प्रकट होणारा गुण. असा वाण आपल्या नेहमीच्या चांगल्या वाणाशी संकरित केला तर पहिल्या पिढीतील सर्व झाडे टारफुल्याला हाक मारणारीच निघतात. त्यांचे स्वपरागीकरण करून दुसरी पिढी घेतली की १०० झाडांत सुमारे २५ झाडे कमी पाझराची मिळतात. त्या २५ मधून पुन्हा उत्पादन, दाण्याची प्रत, कडबा, खोडमाशी व दाण्यावरील बुरशीला प्रतिकार, हे सर्व पाहून निवड करायची असते.

संकरित वाणात तर नर वाण आणि मादी वाण या दोहोंतही हा जनुक आणावा लागतो. एकात असून दुसऱ्यात नसेल तर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या संकरित बियाण्यात प्रतिकार दिसणार नाही. आपल्या खरीप ज्वारीचा मोठा भाग संकरित वाणांनी व्यापलेला राहिला आहे. त्यामुळे प्रतिकारक्षम ओळी हाती असूनही त्यांचे रूपांतर प्रतिकारक्षम संकरात करणे हे दुप्पट काम ठरते. सरळ वाणात मात्र हा गुण एकदा पक्का झाला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि शेतकरी आपले बी स्वतः राखू शकतो.

या जनुकाची नेमकी ओळख २०१७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पटवली. हा जनुक नसलेली ज्वारी पाझर पूर्ण बंद करत नाही, तर पाझराचा प्रकार बदलते. नेहमीच्या पदार्थाऐवजी ती दुसरा स्ट्रिगोलॅक्टोन सोडते, आणि तो टारफुल्याला जागे करण्यात कमी पडतो. ओळख पटल्यामुळे आता रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासूनही कोणत्या रोपात हा गुण आहे ते सांगता येते. पैदासकाराची अनेक वर्षे यामुळे वाचू शकतात.

एकाच गुणावर भिस्त नको

इथिओपियात जन्मलेले ज्वारी पैदासकार डॉ. गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला प्रतिकार करणारे वाण आफ्रिकेतील शेतकऱ्यांपर्यंत पोचवले. त्या कार्यासाठी त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आफ्रिकेतील टारफुल्याची मुख्य जात वेगळी आहे. ती जांभळट-गुलाबी फुलांची, अधिक उंच आणि अधिक घातक असते. पण तेथील अनुभव आपल्याला उपयोगी आहे. तेथे वाणाबरोबर खत आणि ओल टिकवण्याची मशागत यांची जोड दिली गेली. केवळ बियाण्याची पिशवी वाटून काम संपले असे मानले गेले नाही.

याचे कारण टारफुल्यातही प्रकार असतात. एका भागात स्वच्छ राहणारा वाण दुसऱ्या भागात बळी पडू शकतो. एकच तटबंदी असेल तर ती ओलांडणारी टारफुल्याची थोडी झाडे सुरुवातीला असतातच. त्यांना बी धरू दिले तर काही वर्षांत त्यांचीच संख्या वाढते. म्हणून पैदासकार आता 'कमी हाक' आणि 'घट्ट भिंत' असे दोन किंवा अधिक गुण एकाच वाणात आणण्याचा प्रयत्न करतात. एन १३ मधील प्रतिकार एका जनुकाचा नसून अनेक जनुकांचा आहे, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. असा प्रतिकार दुसऱ्या वाणात आणणे अवघड असते.

बियाचा हिशेब

आता एक साधा हिशेब करून पाहू. टारफुल्याच्या एका चांगल्या वाढलेल्या झाडापासून ५० हजार किंवा त्याहून अधिक बी पडू शकते. समजा, एक एकर बाधित शेतात नेहमीच्या वाणावर टारफुल्याची १,००० झाडे वर येतात. प्रतिकारक्षम वाण पेरला आणि ती संख्या १०० वर आली. दहापैकी नऊ झाडे कमी झाली. पीक वाचले. यश मोठे आहे.

परंतु उरलेल्या १०० झाडांनी बी धरले तर ५० लाख बी जमिनीत पडेल. एकराचे क्षेत्र सुमारे ४,०४७ चौरस मीटर असते. म्हणजे दर चौरस मीटरला बाराशेहून अधिक नवे बी. अगदी १० झाडे राहिली तरी ५ लाख बी, म्हणजे दर चौरस मीटरला सव्वाशेच्या आसपास. हे बी पुढील दहा-बारा वर्षे वाट पाहू शकते.

या उलट, १,००० झाडे हाताने उपटणे मजुरीच्या दृष्टीने परवडत नाही, पण १०० झाडे उपटणे घरच्या दोन माणसांना शक्य आहे. प्रतिकारक्षम वाणाचा खरा उपयोग येथे आहे. तो टारफुल्याला संपवत नाही, तर टारफुल्याला संपवण्याचे काम आपल्या आवाक्यात आणून ठेवतो. ते काम आपण केले नाही तर वाणाचा फायदा दोन-चार हंगामांपुरताच राहतो.

अमेरिकेत १९५६ साली कॅरोलिना भागातील मक्यात टारफुला प्रथम आढळला. तेथे बाधित शेतांवर निर्बंध घालण्यात आले. जमिनीत इथिलीन वायू सोडून बी यजमान पिकाशिवायच उगवायला लावले गेले, आणि एकही झाड बी धरणार नाही याची वर्षानुवर्षे काळजी घेतली गेली. त्यामुळे बाधित क्षेत्र अगदी थोडे उरले. वायू सोडणे आपल्याला परवडणारे नाही. परंतु 'एकही झाड बी धरू देऊ नका' हा त्यातला मुख्य धडा बिनखर्चाचा आहे.

प्रतिकारक्षम वाणासोबत काय करावे?

१) वाणाची चौकशी : बियाणे घेताना 'टारफुल्याबाबत या वाणाचा अनुभव काय?' असे आपल्या विभागातील कृषी विद्यापीठाच्या ज्वारी संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. वाण प्रतिकारक्षम आहे की केवळ सहनशील, हेही विचारावे.

२) उपटणी : वर आलेला टारफुला फुलावर येताच, बोंडे धरण्यापूर्वी मुळासकट उपटावा. एकदा उपटून थांबू नये, दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारावी. उपटलेली झाडे बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. ती एकत्र वाळवून जाळावीत.

३) काढणीनंतरची फेरी : ज्वारी काढल्यावरही बुडखे हिरवे असेपर्यंत टारफुला जगतो व बी टाकतो. म्हणून काढणीनंतर लगेच धसकटे उपटावीत किंवा नांगरट करावी. बाधित शेतात ज्वारीचा खोडवा ठेवू नये.

४) फेरपालट : कापूस, भुईमूग, सोयाबीन, तूर, सूर्यफूल यांसारखी सापळा पिके फेरपालटीत घ्यावीत. एका वर्षाच्या फेरपालटीने जमीन स्वच्छ होत नाही. ज्वारीनंतर ज्वारी, किंवा ज्वारीनंतर ऊस, असा क्रम बाधित जमिनीत टाळावा.

५) खत : शेणखत व शिफारशीप्रमाणे नत्र-स्फुरद द्यावे. भुकेले पीक टारफुल्याला अधिक हाक मारते, हे वर पाहिलेच.

६) प्रसार थांबवणे : टारफुल्याचे बी जनावरांच्या पोटातून जिवंत बाहेर पडू शकते. बाधित शेतातील कडबा खाल्लेल्या गुरांचे शेण पूर्ण कुजल्याखेरीज स्वच्छ शेतात टाकू नये. औजारांना व ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेली माती धुवावी. बाधित शेतातील ज्वारी बियाण्यासाठी ठेवू नये.

७) तणनाशक : ज्वारीत टारफुल्यासाठी २,४-डी वापरतात. मात्र शेजारी कापूस, तूर किंवा भाजीपाला असेल तर वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीही ती पिके करपतात. म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय ते वापरू नये.

येथे एक व्यवहारातली गोष्ट सांगावीशी वाटते. अनेक कुटुंबांतील कर्ते लोक अंधेरी, घाटकोपर किंवा पुण्याकडे नोकरीस असतात आणि गावची जमीन वाट्याने दिलेली असते. वाटेकरी एका हंगामाचा विचार करतो. त्यात त्याचा दोष नाही, पुढच्या वर्षी शेत त्याच्याकडे असेलच असे नसते. पण टारफुल्याचे बी मालकाच्या जमिनीत राहते. अशा मालकांनी वाट्याच्या बोलणीत टारफुल्याच्या उपटणीची मजुरी स्वतःकडे घ्यावी. शेत विकत घेताना जसा सातबारा पाहतो, तसे वाट्याने दिलेल्या शेतात पीक पोटरीत आले की एकदा जाऊन ओळी पाहाव्यात.

आपल्या शेतात वाणाची पारख

नवा वाण खरोखर प्रतिकारक्षम आहे की नाही हे शेतकरी स्वतः पाहू शकतो.

शेतातील ज्या जागी दरवर्षी टारफुला येतो, ती जागा निवडावी. तेथे नव्या वाणाच्या चार ओळी, शेजारी नेहमीच्या वाणाच्या चार ओळी, पुन्हा नव्या वाणाच्या चार, असे आलटून पालटून पेरावे. खत व मशागत सारखीच ठेवावी. पेरणीनंतर सुमारे ६० आणि ७५ दिवसांनी प्रत्येक पट्ट्यातील मधल्या दोन ओळींत १० मीटर लांबीत टारफुल्याची झाडे मोजावीत आणि वहीत लिहावीत. मोजून झाल्यावर ती उपटावीत. काढणीला त्याच ओळींचे धान्य व कडबा वेगळा वजन करावा. हे किमान दोन हंगाम करावे. त्यांतले एक वर्ष कमी पावसाचे असेल तर निष्कर्ष अधिक खात्रीचा.

नव्या वाणात टारफुला कमी व उत्पादन चांगले, असे दोन्ही हंगामांत दिसले तर वाण आपल्या शेतासाठी प्रतिकारक्षम समजावा. टारफुला तितकाच पण उत्पादन चांगले, तर तो सहनशील आहे. तो पेरायचाच असेल तर उपटणीची तयारी दुप्पट ठेवावी. नेहमीच्या वाणातही टारफुला आला नाही, तर त्या वर्षीच्या चाचणीवरून काहीच ठरवू नये.

जमीन बाधित आहे की नाही याची शंका असेल तर आणखी एक सोपी रीत आहे. शेताच्या आठ-दहा ठिकाणची वरची माती एकत्र करून ती मडक्यात किंवा कुंडीत भरावी. ज्वारीचे चार दाणे पेरून माती ओलसर ठेवावी, पण चिखल करू नये. पाच-सहा आठवड्यांनी मडके पाण्यात बुडवून मुळे हलक्या हाताने धुवावीत. मुळांवर पांढरट, खवल्याखवल्यांचे बारीक कोंब चिकटलेले दिसले तर तो टारफुला होय. या शेतात पुढील हंगामात ज्वारी घ्यायची की सापळा पीक, याचा निर्णय तिफण बाहेर काढण्यापूर्वीच घेता येईल.

शेतकरी बंधूंनो, प्रतिकारक्षम बियाणे तयार करणे हे पैदासकाराचे काम आहे आणि त्याला वर्षे लागतात. त्या बियाण्याचा गुण टिकवणे हे मात्र शेतकऱ्याचे काम आहे आणि त्याला हंगामात चार-पाच फेऱ्या लागतात. वाणाने दहापैकी नऊ झाडे अडवली तर उरलेले एक झाड आपल्या हाताने उपटले गेले पाहिजे. या खरिपात ज्वारी पोटरीत येईल तेव्हा सकाळच्या वेळी ओळीतून एक फेरी मारा, ताटांच्या बुडाशी पांढरी फुले शोधा, आणि दिसतील तेवढी त्याच दिवशी उपटा. असे ओळीने काही वर्षे केले तर जमिनीतील जुना साठा कमी होत जाईल आणि प्रतिकारक्षम वाणाचा पूर्ण लाभ आपल्या पदरात पडेल.